वाचकांचे प्रश्न : हिरडीतून रक्त आले म्हणून ब्रश थांबवावा का?

या वेळच्या सदरासाठी दात आणि हिरड्यांविषयी आलेली पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. निरनिराळ्या वयाच्या आणि निरनिराळ्या तक्रारी असलेल्या वाचकांनी जवळजवळ एकाच शब्दांत लिहिले आहे की, "तसे दुखत काहीच नाही." दंतवैद्य म्हणून मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच वाक्याची. दाताच्या बाहेरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, संवेदना नेणारे तंतू नसतात, त्यामुळे कीड त्या थरात आहे तोवर माणसाला काहीही जाणवत नाही. आणि हिरडीचा आजार तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजत गेले तरी बहुतेक वेळा ठणका न देताच पुढे सरकत राहतो. दुखणे ही उशिरा उमटणारी खूण आहे. म्हणूनच पुढील उत्तरांत औषधांपेक्षा, रोज कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि कशा हाताने काय करावे यावर भर दिला आहे.

प्रश्न : गेल्या दोन-तीन महिन्यांपासून ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांजवळच्या हिरडीतून रक्त येते. चूळ टाकली की पाणी गुलाबी दिसते. जखम चिघळू नये म्हणून मी त्या भागावर ब्रश फिरवणे बंद केले आहे आणि बाकीचे दातही घाईने, वरवर घासते. दुखत मात्र काहीच नाही. हिरडी बरी होईपर्यंत ब्रश पूर्णपणे थांबवावा का?

उत्तर : थांबवू नये. ज्या भागाला हात लावणे आपण सोडले आहे, नेमक्या त्याच भागाला आज स्वच्छतेची सर्वाधिक गरज आहे. निरोगी हिरडीवर मऊ ब्रश फिरवला तर रक्त येत नाही. रक्त येते ते हिरडीला सूज असते म्हणून, आणि ही सूज बहुतेक वेळा दात व हिरडी जिथे मिळतात त्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे आलेली असते. या थराला प्लाक म्हणतात. दात घासल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा दातावर बसतो, काही तासांत त्यावर जंतू चिकटू लागतात आणि रोजच्या रोज तो निघाला नाही तर थरावर थर चढत जातो. त्याचा रंग दातासारखाच असल्याने आरशात तो चटकन ओळखू येत नाही. हिरडीच्या कडेजवळ नखाने हलकेच खरवडल्यावर जो पांढरट, मऊ, चिकट लेप नखावर येतो, तोच हा प्लाक.

या जंतूंना तोंड देण्यासाठी शरीर हिरडीकडे जास्त रक्त पाठवते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीच्या आतल्या बाजूचे नाजूक अस्तर विरळ होते आणि मग ब्रशचा साधा स्पर्शही रक्त येण्यास पुरेसा ठरतो. आपण ब्रश त्या जागेवरून काढून घेतला की जंतूंचा थर वाढतो, सूज वाढते आणि पुढच्या वेळी रक्त आणखी सहज येते. हे चक्र कसे चालते ते १९६५ साली हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेल्या एका साध्या प्रयोगातून स्पष्ट झाले. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले, तेव्हा १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. आणि पुन्हा नीट स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात ती ओसरली. माझ्या दृष्टीने या प्रयोगाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, कारण सूज हिरडीपुरतीच असेल, हाडापर्यंत पोहोचलेली नसेल, तर ती पूर्णपणे मागे फिरू शकते असे तो सांगतो.

आता हात कसा चालवावा ते पाहू. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. ब्रश दातावर सपाट न टेकवता त्याचे केस हिरडीच्या कडेकडे सुमारे ४५ अंशांत तिरपे ठेवा, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर येतील. मग ब्रश जागेवरच अगदी आखूड अंतरात हलकेच थरथरवा आणि दोन-तीन दातांचा टप्पा झाल्यावर पुढे सरका. खालच्या पुढच्या दातांची आतली, म्हणजे जिभेकडची बाजू हा आपल्या पत्रातील खरा प्रश्न असावा. तिथे ब्रश आडवा बसत नाही, म्हणून बहुतेक जण तो भाग नकळत सोडून देतात. आणि लाळग्रंथींच्या नलिका त्याच दातांमागे उघडत असल्याने लाळेतील क्षारही तिथेच लवकर साचतात. त्या जागी ब्रश उभा धरा आणि त्याच्या टोकाचे केस एकेका दाताच्या हिरडीलगत फिरवा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, आणि त्यांपैकी एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची, एवढे सांभाळले तर पुरे.

पहिले काही दिवस रक्त येईल. तेवढ्याने घाबरू नये. एक-दोन आठवड्यांत ते स्पष्टपणे कमी व्हायला हवे. तसे झाले नाही, हिरडी दातावरून सुटल्यासारखी वाटू लागली, दाबल्यावर पू आला किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हिरडीतून रक्त अधिक येऊ शकते, पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. ब्रश न लावताही आपोआप रक्त येत असेल किंवा अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उमटत असतील, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असल्यास हेही लक्षात ठेवावे की रक्तातील साखर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांची सूज कायम राहिली की साखर आटोक्यात आणणे अवघड होते.

धूम्रपान करणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक सूचना आवर्जून लिहितो. तंबाखूमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून आजार पुढे गेलेला असतानाही रक्त फारसे येत नाही. रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या आहेत, हा निष्कर्ष अशा व्यक्तींनी काढू नये.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाने दातांवरचे कीटण काढून घेतले आणि त्यानंतर त्याचे दात सैल झाले, फटी पडल्या, गार पाणी लागू लागले. मलाही दंतवैद्यांनी स्केलिंग करायला सांगितले आहे, पण त्यामुळे दातांचे कवच घासले जाईल अशी भीती वाटते. ते टाळता येईल का?

उत्तर : आपली भीती समजण्यासारखी आहे, कारण भावाचा अनुभव खोटा नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. प्लाक वेळेवर निघाला नाही तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतात आणि तो टणक होतो. भांड्याला आतून क्षार धरावेत तसे हे कीटण दाताला घट्ट धरते, आणि एकदा ते झाले की कोणत्याही ब्रशने निघत नाही. ते हिरडीच्या खालीही उतरते, त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवे जंतू सहज बसतात आणि त्यांच्यामुळे चाललेल्या सुजेत दाताभोवतीचे हाड हळूहळू खाली जाते. हाड खाली गेले, हिरडी सुजून वर राहिली आणि दातांमधली रिकामी जागा कीटणाने भरली, अशा अवस्थेत दात वरवर पक्के वाटतात. कीटण काढल्यावर हिरडीची सूज उतरते, झाकलेली मुळे उघडी पडतात आणि आधीच पडलेली फट पहिल्यांदा डोळ्यांना दिसते. दात सैल केलेला असतो तो आजाराने.

स्केलिंगच्या यंत्राचे टोक सूक्ष्म कंपनांनी कीटण सोडवते. प्रशिक्षित हाताने केलेल्या कामात एनॅमलचे लक्षात घेण्याजोगे नुकसान होत नाही. गार पाणी लागण्याचा त्रास बहुधा काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत ओसरतो. तेव्हा आपण हे टाळू नये, आणि जितके लवकर कराल तितकी फट कमी राहील. पुढची तपासणी किती महिन्यांनी, हे सर्वांसाठी एकसारखे नसते. ज्यांच्या हिरड्यांना पूर्वी आजार झाला आहे, जे धूम्रपान करतात किंवा ज्यांना मधुमेह आहे त्यांना इतरांपेक्षा लवकर जावे लागते.

प्रश्न : मी दिवसातून दोनदा चांगला जोर लावून दात घासतो, कडक ब्रश वापरतो, तरीही सुळ्यांना आणि त्यांच्या शेजारच्या दातांना गार पाणी लागते. दाताच्या मुळाशी नखाला खाच लागते. इतकी काळजी घेऊनही असे का होते?

उत्तर : काळजीची दिशा योग्य आहे, जोर मात्र चुकीच्या ठिकाणी जातो आहे. प्लाक इतका मऊ असतो की तो काढायला बळ लागत नाही. लागतो तो नेमकेपणा. कडक केसांचा ब्रश दाबून आडवा, आरीसारखा चालवला की हिरडी मागे सरते आणि मुळाचा भाग उघडा पडतो. मुळावर एनॅमल नसते, तिथले डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, बरेच मऊ असते आणि घर्षणाने झिजते. सुळे दातांच्या कमानीच्या वळणावर असल्यामुळे तिथे ब्रशचा दाब सर्वाधिक पडतो, आणि उजव्या हाताने घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूला झीज जास्त आढळणे ही नेहमीची गोष्ट आहे. आपली खाच कोणत्या बाजूला अधिक खोल आहे ते आरशात पाहा.

डेंटिनमध्ये दाताच्या आतल्या मगजाच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्यांची तोंडे उघडी पडली की गार पाण्याने नलिकांतील द्रव हलतो आणि क्षणभर झिणझिणती कळ येते. संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टमधील पोटॅशियम नायट्रेटसारखी द्रव्ये ही कळ कमी करतात, पण गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे नियमित वापर लागतो. दोन दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देऊ नये. मऊ ब्रश घ्या, तो मुठीत न धरता पेन धरतो तसा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होईल. तीन-चार महिन्यांनी किंवा केस फाकले की त्याआधीच ब्रश बदला. नवा ब्रश महिनाभरातच फाकत असेल तर दाब अजूनही जास्त आहे असे समजा. दात पांढरे करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या खरखरीत पावडरी आणि कोळशाची चूर्णे यांपासून आपण विशेष दूर राहावे. खाच खोल असेल तर ती भरून घेता येते. आणि गार लागून गेल्यावरही कळ बराच वेळ रेंगाळत असेल, तर तो दात तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या दोन दाढांना कीड लागली आहे. घरातील मोठी माणसे म्हणतात की दुधाचे दात पडणारच आहेत, मग ते भरून घेण्याचा त्रास मुलीला कशाला द्यायचा. ती गोड फार खात नाही, मात्र दिवसभर थोडे थोडे काहीतरी तोंडात असते. काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण आधी दाढांविषयी लिहितो. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे आहे. दुधाच्या दाढा मात्र साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे ज्या दाढांना आज कीड लागली आहे, त्यांच्यावर आपल्या मुलीला अजून चार ते सहा वर्षे चावायचे आहे. दुधाच्या दाताचे एनॅमल पातळ असते, त्यामुळे कीड मगजापर्यंत लवकर पोहोचते, मग ठणका लागतो, सूज येते, मूल रात्री जागते आणि एका बाजूने जेवू लागते. दाढ अवेळी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. तेव्हा किडलेल्या दाढा भरून घ्याव्यात. लहान खड्डा भरणे मुलीला फारसे जड जात नाही. वाट पाहिल्यावर जे करावे लागते ते जड जाते.

याच वयात आणखी एक गोष्ट घडते आणि ती अनेक घरांत लक्षातच येत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येण्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते. चारही कोपऱ्यांत एकेक अशी ही दाढ आयुष्यभरासाठी असते, आणि अर्धवट वर आलेली असताना ती इतर दातांपेक्षा खाली राहत असल्याने ब्रश तिच्यावरून नुसता निसटून जातो. आज रात्री मुलीचे डोके आपल्या मांडीवर घ्या, विजेरीच्या प्रकाशात गाल बोटाने बाजूला सारा आणि अगदी मागे नवी दाढ डोकावते आहे का ते पाहा. दिसली तर ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून तेवढी एक दाढ वेगळी घासा. तिच्या खोल रेघा सीलंटने, म्हणजे दातावर बसणाऱ्या संरक्षक लेपाने, बुजवून घेता येतात. ते न दुखणारे, थोड्या वेळाचे काम आहे आणि या वयात त्याचा फायदा मोठा आहे.

आता खाण्याच्या सवयीविषयी. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले की ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यावर प्लाकमधील आम्लता काही मिनिटांतच झपाट्याने वाढते आणि पूर्वस्थितीवर यायला बराच वेळ, साधारण अर्धा ते एक तास, लागतो. सामू, म्हणजे आम्लतेचे माप (तो जितका कमी तितकी आम्लता जास्त), ५.५च्या आसपास उतरला की एनॅमलमधील क्षार विरघळू लागतात. लाळ तो पुन्हा वर आणते आणि गमावलेले क्षार काही प्रमाणात परत बसवते. मुलीने दिवसातून एकदाच गोड खाल्ले तर लाळेला हे दुरुस्तीचे काम करायला वेळ मिळतो. तेवढेच गोड तिने दहा वेळा थोडे थोडे खाल्ले, तर दुरुस्ती सुरू होण्याआधीच पुढचा हल्ला येतो. स्वीडनमधील विपेहोल्म येथील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले, त्यात हेच आढळले: जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट गोडाने दात कितीतरी अधिक किडले. हा अभ्यास स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर केला गेला, आणि त्यांच्यावर झालेला तो अन्याय होता. त्यांनी किंमत मोजून मिळालेले हे ज्ञान निदान आपण वाया घालवू नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून गोडावर पूर्ण बंदी घालून मुलीला रडवण्यापेक्षा त्याची वेळ ठरवून द्या: गोड जेवणाच्या वेळीच, मधल्या वेळेत तहानेला साधे पाणी, आणि रात्री ब्रश केल्यानंतर पाण्याखेरीज काहीही नाही. टूथपेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलगी ब्रश स्वतः करत असली तरी सात-आठ वर्षांची होईपर्यंत शेवटचा हात आपण फिरवावा, कारण त्याआधी मुलांच्या मनगटाला तेवढे कौशल्य आलेले नसते.

प्रश्न : ब्रश केल्यानंतर भरपूर पाण्याने चुळा भराव्यात की नाही?

उत्तर : पेस्ट नीट थुंकून टाका आणि तेवढ्यावर थांबा. खळखळून चुळा भरल्या की दातांवर राहायला हवे ते फ्लोराइडही धुऊन जाते. सुरुवातीला तोंडात चव रेंगाळल्याने चमत्कारिक वाटते, पण लवकरच सवय होते.

प्रश्न : दातांच्या फटींत दोरा फिरवणे मला जमत नाही आणि वेळही मिळत नाही. त्याऐवजी जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि याचे कारण तीनशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. हॉलंडमधील अँटनी व्हान लेव्हेनहुक यांनी १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात, स्वतःच्या दातांवरून खरवडलेल्या लेपात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव दिसल्याचे कळवले. त्यांनी दातांना व्हिनेगर लावून पाहिले तेव्हा लेपाच्या बाहेरच्या भागातील जीव तेवढे मेले, आतपर्यंत व्हिनेगर पोहोचलेच नाही. प्लाकमधील जंतू स्वतः तयार केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे द्रव वरून वाहून जातो आणि आतला थर तसाच राहतो. तो घासूनच मोडावा लागतो. ब्रशचे केस दोन दातांमधल्या समोरासमोरच्या बाजूंना पोहोचत नाहीत, आणि हिरडीचा आजार व कीड या दोन्हींची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते.

दोरा जमत नसेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बारीक तारेवर केस बसवलेला इवलासा ब्रश, वापरून पाहा. ज्यांच्या हिरड्या थोड्या मागे सरल्या आहेत त्यांना तो दोऱ्यापेक्षा सोपा आणि अधिक उपयोगी पडतो. फटीत हलका अटकाव जाणवेल पण ढकलावे लागणार नाही असे माप निवडा. वेगवेगळ्या फटींना वेगळे माप लागू शकते, ते दंतवैद्यांकडून एकदा ठरवून घ्या. दिवसातून एकदा, रात्रीच्या ब्रशपूर्वी, हे केले की पुरते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश शस्त्रक्रियेनंतर किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास थोडे दिवस वापरावा. फार काळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते.

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. हिरड्या सुजल्या आहेत आणि सकाळी उलट्या होतात. या काळात दातांचे उपचार टाळावेत असे ऐकले आहे.

उत्तर : गरोदरपणातील संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या थोड्याशा प्लाकलाही जोराने प्रतिसाद देतात, म्हणून सूज अधिक दिसते, स्वच्छता नेहमीपेक्षा नीट ठेवावी, कमी करू नये. उलटीनंतर लगेच ब्रश मात्र करू नका, कारण आम्लाने एनॅमलचा वरचा थर त्या वेळी मऊ झालेला असतो. आधी साध्या पाण्याने किंवा त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. आवश्यक उपचार गरोदरपणात करता येतात आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. ठणका किंवा सूज असल्यास तेवढीही वाट पाहू नये. दंतवैद्यांना आपण गरोदर आहात हे पहिल्या वाक्यातच सांगा.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंड कोरडे पडते. आयुष्यभर दात चांगले होते, पण गेल्या वर्षभरात तीन दातांना मुळाशी कीड लागली. गोड खाणे वाढलेले नाही.

उत्तर : काका, बदल खाण्यात झालेला नसून लाळेत झालेला आहे. लाळ आम्ल सौम्य करते, अन्नकण धुऊन नेते आणि दातांना क्षार पुरवते. रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी, झोप यांवरील अनेक औषधांनी ती कमी होते, आणि वयाबरोबर हिरडी खाली सरकून उघडे पडलेले मूळ एनॅमलपेक्षा कमी आम्लतेतही विरघळू लागते. डॉक्टरांना ही तक्रार स्पष्ट शब्दांत सांगा. काही वेळा औषध किंवा त्याची वेळ बदलता येते. तोंड ओले ठेवण्यासाठी गोड गोळ्या चघळण्याची सवय लागली असेल तर ती आजच सोडा, कारण कोरड्या तोंडात त्या फार नुकसान करतात. त्याऐवजी पाण्याचे घोट घ्या किंवा बिनसाखरेचे च्युइंगम चघळा. जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा फ्लोराइडचा लेप आपल्याला लागू आहे का, हे दंतवैद्यांना आवर्जून विचारा. रात्री लाळ आणखी कमी होते, त्यामुळे रात्रीचा ब्रश आपण एकही दिवस चुकवू नये.

प्रश्न : पक्षाघातानंतर माझ्या वडिलांचा उजवा हात चालत नाही आणि ते बहुतेक वेळ अंथरुणावर असतात. वर कवळी आहे, खाली स्वतःचे दात आहेत. तोंड साफ करायला गेले की त्यांना ठसका लागतो, म्हणून आम्ही फक्त ओल्या कापडाने पुसतो. कवळी रात्रीही काढत नाही.

उत्तर : तोंडाची स्वच्छता अशा रुग्णांत केवळ दातांपुरती राहत नाही. गिळणे कमकुवत झालेले असते तेव्हा लाळेबरोबर तोंडातील जंतू फुप्फुसात उतरण्याची आणि न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते. म्हणून पुसणे पुरेसे नाही, ब्रश हवाच. फक्त पद्धत बदला.

वडिलांना शक्य तितके बसते करा आणि हनुवटी किंचित खाली राहू द्या. बसणे शक्य नसेल तर कुशीवर वळवा. डोके मागे झुकलेले असले की ठसका हमखास लागतो. कमी फेस होणारी पेस्ट अगदी पुसटशी लावा, ब्रश ओला करून जास्तीचे पाणी झटका आणि एका वेळी चार-पाच दात घासून साठलेली लाळ कापडाने टिपत जा. चूळ भरायला लावू नका. जो गाल लुळा पडला आहे त्याच्या आत अन्न साचून राहते आणि रुग्णाला ते कळत नाही, म्हणून प्रत्येक जेवणानंतर बोटाला ओले कापड गुंडाळून ती खोबण साफ करा. डाव्या हाताने ब्रश धरण्याची त्यांची इच्छा असेल तर दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करून द्या. स्वतः केलेल्या कामाचे समाधान त्यांना मिळेल आणि राहिलेला भाग आपल्याला नंतर घासता येईल.

कवळी रात्री काढलीच पाहिजे. ती टूथपेस्टने घासू नये, कारण पेस्टमधील खरखरीत कणांनी तिच्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू व बुरशी वाढते. सौम्य साबण आणि वेगळा ब्रश वापरा, धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवा म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही, आणि रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बदलतो. कवळी काढल्यावर टाळू आणि हिरड्या मऊ ओल्या कापडाने पुसा आणि विजेरीने पाहा. टाळूवर कवळीच्या आकाराची लाली दिसली तर ती बहुधा बुरशीची असते आणि औषधाने बरी होते. जिभेच्या कडेला, गालात किंवा हिरडीवर एखादा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांनंतरही तसाच असेल, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा.